न पाहिलेलं वावर

भर कोर्टात, शपथ घेऊन झाल्यावर, आबांना वडिलांचं नाव विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सांगतो साहेब, पन ते ऐकीव हाय."

कोर्टात हसू पिकलं. पट्टेवालासुद्धा तोंड फिरवून हसला. न्यायाधीश नवे होते, पुण्याकडचे. त्यांना आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"ऐकीव म्हणजे?"

"म्हंजे माह्या मायनं सांगतलेलं. मी काही तवा पाहाले नव्हतो. मायवर माहा विश्वास हाय. लिहा तुमी."

मग नाव लिहिलं गेलं. तालुक्यातले वकील ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं चहा पिताना सांगत. मी त्या दिवशी मागच्या बाकावर मांडीवर सरकारी दप्तर घेऊन बसलो होतो. मीही हसलो. सगळे हसत असताना न हसणारा माणूस उठून दिसतो, आणि मला त्या दिवशी उठून दिसायचं नव्हतं.

गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. मी त्या गावचा पटवारी. महाराष्ट्र होऊन पाचेक वर्षं झाली होती, सरकारी कागदांवर आमचा हुद्दा तलाठी असा येऊ लागला होता, पण लोणार आणि बीबीच्या मधल्या त्या गावांमध्ये पटवारीच चालायचं. अशी तीन गावं माझ्याकडे होती. मी मूळचा नांदुऱ्याचा. वडील तिथल्या एका अडत्याच्या दुकानात पोती शिवायचे. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी माझी. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून माझा हुद्दा सांगत आणि तो नीट सांगता यावा म्हणून सुई खाली ठेवत.

आबांचा वेडेपणा म्हणा, स्वभाव म्हणा, एकच होता. पाहिलेलं आणि न पाहिलेलं ते एकत्र होऊ देत नसत. फाट्यावर कुणी विचारलं, "आबा, एसटी गेली का?" तर ते म्हणत, "आवाज आलता. एसटीचाच असंन. पन मी पाठमोरा होतो." विचारणारा वैतागून दुसऱ्याला विचारायचा.

लोणारच्या बाजारात ते भाजी विकायला बसत. वांग्यांचे तीन ढीग असत. एक आजचा, एक कालचा, आणि तिसऱ्याबद्दल ते स्वतःच सांगत, "हे कवाचे ते मले याद नाही." बायका मुद्दाम विचारत, "आबा, यात कीड तं नाही ना?" ते वांगं हातात फिरवून पाहत आणि म्हणत, "वरून तं नाही दिसत. आत मी पाह्यलं नाही." शेजारचे भाजीवाले कपाळावर हात मारत. तरी टोपली आबांचीच आधी रिकामी व्हायची.

एकदा गावात दोन शेजाऱ्यांची मारामारी झाली. आबा तिथून जात होते, म्हणून दोघांनाही ते साक्षीला हवे होते. आबांनी एकाला सांगितलं, "त्यानं काठी उचलली हे मी पाह्यलं. तुले लागली हे नाही पाह्यलं." दुसऱ्याला सांगितलं, "तू पळाला ते पाह्यलं. काऊन पळाला ते मले ठाव नाही." दोघांनीही त्यांचं नाव साक्षीदारांतून काढून टाकलं. गावात कुणी वारलं की लोक म्हणत, फार चांगला माणूस होता. आबा म्हणत, "माह्याशी चांगला होता."

त्यांच्या बायकोला सगळे आई म्हणत. मी एकदा त्यांच्या ओट्यावर चहाला बसलो असताना आईंनी तक्रार केली होती. "यायले विचारलं, भाजी खारट झाली का? तं म्हणतेत कसे, माह्या जिभेले लागली, तू आपल्या जिभेले विचार. चाळीस वर्षं झाले साहेब, हा माणूस एक गोष्ट धड बोलला नाही."

"एकोणचाळीस," आबा म्हणाले.

अशा माणसाची आणि माझी गाठ पेरेपत्रकावरून पडली.

पेरेपत्रक म्हणजे कोणत्या शेतात कुणी काय पेरलं त्याची दरसालची नोंद. पटवाऱ्यानं प्रत्येक शेतात स्वतः जायचं, उभं पीक पाहायचं, पेरणारा कोण ते विचारायचं आणि तिथेच लिहायचं, असा नियम. तीन गावांची मिळून काही शे शेतं, वाट काळ्या मातीची, पायात गोळे चढवणारी. आमची पद्धत वेगळी होती. आधीच्या पटवाऱ्यानं मला चार्ज देताना तीच शिकवली. चावडीत बसायचं. कोतवाल आणि गावातली दोन-चार जाणती माणसं समोर बसवायची. मी शेताचा नंबर वाचायचा, ते पीक सांगायचे. काही अडलं तर मागच्या वर्षीचं उतरवायचं. दोन दिवसांत गाव संपायचं. सगळे असंच करत. साहेब तपासणीला आले की रजिस्टर पाहत, शेत पाहत नसत.

चावडीत येऊन बसणाऱ्यांमध्ये आबांचा चुलतभाऊ असायचा. बोलका माणूस. त्याला नंबर पाठ होते, माझं काम त्याच्यामुळे झटपट व्हायचं. नाल्याकाठचं चार एकराचं एक वावर जुन्या कागदावर दोघांच्या सामाईक नावानं होतं. वाटणी त्यांच्या बापांनी तोंडीच केली होती. त्यात हे वावर आबांच्या वडिलांकडे आलं आणि चुलतभावाच्या वडिलांकडे गावाजवळचं मोठं वावर गेलं. गावाला हे ठाऊक होतं, कागदाला नव्हतं. आबांचं पिकणारं वावर तेवढंच. बाकी दोन एकर मुरमाड, त्यात कुसळं यायची.

पहिल्या वर्षी मी तो नंबर वाचला आणि विचारलं, "पेरतं कोण?" पेरेपत्रकात पेरणाऱ्याचं एकच नाव मावायचं.

चुलतभाऊ म्हणाला, "लिहा माहंच. घर एकच हाय."

कोतवालानं मान खाली घातली. ते मी पाहिलं. आणि लिहिलं. दुसऱ्या वर्षी ते उतरवलं. तिसऱ्या वर्षीही.

त्यानं मला काही दिलं नाही. चहा पाजला असेल तेवढाच, आणि तो सगळ्यांसाठी आलेला असायचा. लाच घेतली असती तर निदान सांगायला एक मोह तरी असता. मी फक्त उठलो नाही.

आबा मात्र दरसाल मला वाटेत गाठत. "पटवारीसाहेब, पाहणीले कधी येता? मी वावरात थांबतो." त्यांना चावडीत बोलावलं तर म्हणत, "चावडीत काय पेरलं हाय?" मी म्हणायचो, येतो उद्या. पहिल्या वर्षी ते खरंच दिवसभर थांबले. दुसऱ्या दिवशी चावडीसमोरून जाताना आत डोकावून म्हणाले, "काल तुमी आले नाही. दिवस बुडेपर्यंत होतो मी." तक्रार नव्हती. झालेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मी त्यांना लांबून पाहिलं आणि सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली.

चौथ्या वर्षी चुलतभावानं दावा लावला. म्हणणं असं, की नाल्याकाठचं वावर वाटणीत आपल्या बापाकडे आलेलं, गेली तीन वर्षं आपणच पेरत होतो, आणि यंदा आबांनी जबरीनं त्यात औत घातलं. पुरावा काय? तीन वर्षांचं पेरेपत्रक. माझ्या अक्षरात, माझ्या सहीचं.

मला समन्स आलं. आदल्या दिवशी चुलतभाऊ भेटला आणि म्हणाला, "तुमी काही जास्तीचं नका बोलू. जे लिहिलं हाय तेवढंच सांगा." त्यात धमकी नव्हती. गरजही नव्हती. मी जाऊन पाहिलं नाही असं म्हटलं, तर तीन गावांची तीन वर्षांची रजिस्टरं खोटी ठरणार होती. चौकशी लागणार, नोकरी जाणार. नांदुऱ्याला दुकानात वडील, घरी नवी बायको. हे सगळं मी एसटीत बसून नीट मांडून पाहिलं आणि कोर्टात पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

वादीच्या वकिलानं विचारलं, "ही नोंद तुम्ही प्रत्यक्ष शेतात जाऊन केली?"

"हो."

"तिन्ही वर्षं?"

"हो."

आबांच्या वकिलानं तारखा विचारल्या. मी म्हणालो, इतक्या शेतांच्या तारखा लक्षात राहत नाहीत. न्यायाधीशांना ते पटलं. ते कुणालाही पटलं असतं.

मधल्या सुट्टीत मी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. आबा माझ्याकडे येताना दिसले. मला वाटलं, आता चार लोकांत माझी अब्रू काढतात. सरळ शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "कोन्या दिवशी आलते?"

ते माझ्याकडे नीट पाहत होते. मला पकडायला विचारत नव्हते, त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. माणूस शपथेवर गेलो म्हणतो, म्हणजे तो गेला असणार, आणि आपल्याला तो दिसला नाही, तर मग कधी गेला, हे कोडं त्यांना पडलं होतं. मग त्यांनीच विचार करून उत्तर काढलं.

"बाजाराच्या दिवशी आले असान. तवा मी लोणारले असतो."

"हो," मी म्हणालो. "बाजाराचाच दिवस होता."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "मंग बराबर हाय. मी मनात म्हणून राह्यलो, शपथ घेतल्यावर मानूस असं कसं बोलंन." मग म्हणाले, "मले सांगतलं असतं तं एक बाजार सोडला असता."

कोर्टात मी जे बोललो ते भीतीनं बोललो, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण टपरीवर मला कुणी शपथ दिली नव्हती, कुणी लिहून घेत नव्हतं. समोर एक म्हातारा होता आणि माझ्यावर विश्वास ठेवायला जागा शोधत होता. ती मी त्याला दिली.

आबांची साक्ष पुढच्या तारखेला झाली. मला दप्तर घेऊन पुन्हा बोलावलं होतं. वडिलांच्या नावाचं हसणं झालं ते याच दिवशी. मग त्यांचे वकील मुद्द्यावर आले. सगळी केस एका उत्तरावर उभी आहे, हे त्यांनी आबांना बाहेर दहा वेळा समजावलं असणार.

"गेल्या तीन वर्षांत पटवारी पाहणीला तुमच्या शेतात आला का?"

"मी होतो तवा नाही आले."

"म्हणजे आला नाही."

"तसं नाही वकीलसाहेब. बाजाराच्या दिवशी मी वावरात नसतो. ते त्या दिवशी येऊन गेले म्हणतेत."

वकील पुटपुटले, "आबा, विचारलं तेवढंच."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला समजतंय का? पटवारी आले असतील, असं तुमचं म्हणणं आहे?"

"मी नाही म्हणू शकत नाही साहेब. मी पाह्यलं नाही. पन ते शपथेवर बोलले, अन् मलेबी सांगतलं."

ते उतरले आणि जाताना माझ्या बाकाजवळून गेले. मला पाहून त्यांनी मान हलवली, ओळखीच्या माणसाला पाहून हलवावी तशी. मी तेव्हा उठून उभं राहू शकलो असतो. मी दप्तराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

निकाल आबांच्या विरुद्ध गेला. निकालपत्रात लिहिलं होतं, की पटवाऱ्याची पाहणी प्रतिवादी स्वतःही नाकारत नाही, तेव्हा नोंदी खऱ्या धरणं भाग आहे. वावराची मालकी वादीची ठरली आणि ताबा द्यायचा हुकूम झाला. आबांचे वकील म्हणाले, अशा साक्षीनंतर अपिलात काही राहत नाही. आबांनीही पुढे काही केलं नाही, मुदत निघून गेली.

नंतर ते दोघं बीबीला लेकीकडे राहायला गेले, असं मी ऐकलं. मी त्यांना तिथे पाहिलेलं नाही. वर्षभरात माझी बदली झाली, पुढे बढतीही मिळाली. आज माझ्या हाताखाली दहा-बारा तलाठी आहेत. त्यांना मी शेतात जाऊन पाहणी करा म्हणून सांगतो. ते हो म्हणतात, आणि मी पुढे विचारत नाही.

पण ताबा दिला तो दिवस सांगायचा राहिला. ते सांगितल्याशिवाय आबांबद्दल काही सांगितलं असं होणार नाही.

हिवाळ्यातली सकाळ होती. कोर्टाचा बेलीफ आला होता. चुलतभाऊ, दोन पंच, कोतवाल. आबा आणि आई आधीच येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले होते. शेताच्या चारी बाजू बेलिफाला दाखवायचं काम पटवाऱ्याचं. तीन वर्षं ज्या वावराची पाहणी मी केली होती, त्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवला. वाट कोतवालानं दाखवली. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिलो, तो वळला की वळलो.

कागद पाहून मी एकेक बाजू सांगत गेलो. उत्तरेला अमक्याचं शेत, दक्षिणेला गाडीवाट, पश्चिमेला मोठा धुरा, पूर्वेला नाला. नाल्याच्या काठावर मी थांबलो. "इथपर्यंत," मी म्हणालो. बेलिफानं लिहिलं. चुलतभावानं मान डोलावली आणि परत फिरला.

"थांबा," मागून आबा म्हणाले. "पलीकडची पट्टी राह्यली."

नाल्याच्या पलीकडे अर्ध्या एकराची पट्टी होती. तिच्यात मिरची उभी होती, लाल झालेली.

"ती कोणाची?" बेलिफानं विचारलं.

"याच वावराची. नाला आधी तिकडून वाहे, त्या बाभळीच्या पलीकडून. एका साली पूर आला अन् इकडं फिरला. मी दहा-बारा वर्षांचा होतो. पाह्यला मी."

आई धुऱ्यावरून म्हणाल्या, "तेवढी तं राहू द्यायची होती हो. त्याले कुठं ठाव होती?"

"नंबरातली हाय ते," आबा म्हणाले.

बेलिफानं चुलतभावाकडे पाहिलं. तीन वर्षं हे वावर पेरल्याचं त्यानं शपथेवर सांगितलं होतं. तो खाली मातीकडे पाहत होता. मग बेलिफानं माझ्याकडे पाहिलं. "का हो पटवारी, नकाशा काय म्हणतो?"

मी नकाशा उलगडला. तो माझ्याच दप्तरात तीन वर्षं होता. नाल्याची जुनी रेघ पलीकडून गेली होती, पट्टी आत होती.

"यातलीच आहे," मी म्हणालो.

"मग आधी काऊन नाही सांगतलं?" बेलिफानं विचारलं.

मी नकाशाची घडी घातली. आबा उठून माझ्याजवळ आले. चुलतभावाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्याकडे मात्र ते बराच वेळ पाहत राहिले, बाजारात वांगं फिरवून पाहत तसे.

"तुमी बाजाराच्या दिवशीबी आले नव्हते," ते म्हणाले.

"नाही, आबा."

हे बेलिफानं ऐकलं, पंचांनी ऐकलं. कुणी ते लिहून घेतलं नाही. निकाल लागून गेला होता आणि ऊन चढत होतं. आबा परत जाऊन आईंच्या शेजारी बसले.

बेलिफानं पंचनामा पुरा करून मोठ्यानं वाचला. शेवटी होतं, 'पटवारी यांनी समक्ष चतुःसीमा दाखविल्या, त्याप्रमाणे वादीस ताबा दिला.' पंचांनी सह्या केल्या. बेलिफानं शाईची डबी आबांपुढे धरली.

"हे बराबर नाही," आबा म्हणाले. "पूर्वेची सीमा मी दाखवली. तसं लिहा, मंग आंगठा देतो."

"आबा, वावर तं गेलं," बेलीफ म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता. "आता कोणं दाखवलं, यानं काय फरक पडते?"

"फरक मले नाही माहीत. मी दाखवली."

बेलिफानं डबी मिटली आणि खाली एक ओळ लिहिली, 'प्रतिवादी अंगठा देण्यास नकार देतो.' कागद त्यानं माझ्याकडे सरकवला. समोर आबा बसले होते, त्यांच्या मागे मिरची होती. मी पंचनामा वाचला नाही. सही केली आणि सवयीनं खाली तारीख टाकली.